म्हातारी खंय गेली?

लाइट गेली आणि तात्यामामांनी तीन तास बसून सांगितलेली अख्खी खाडी पुसली गेली.

२००४ सालची दिवाळी होती. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, आणि प्रोजेक्टला विषय मी हौसेने घेतला होता: खाडी ओलांडायची की थांबायचं, याचा सल्ला देणारी 'एक्स्पर्ट सिस्टिम'. एक्स्पर्ट घरचाच होता. आईचे थोरले भाऊ तात्यामामा सिंधुदुर्गातल्या कर्ली खाडीच्या दक्षिण अंगाला राहायचे, भोगवे-कोरजाईच्या बाजूला. समोर देवबागची वाळूची चिंचोळी पट्टी, मधे खाडीचं तोंड, आणि त्या तोंडातून चाळीसेक वर्षं होडी काढणारा हा माणूस. कुडाळच्या घरचा कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून मी टमटमने आजोळी नेला होता. तो पेटीएवढा जुना मॉनिटर मांडीवर घेऊन बसले होते मी, खड्डा आला की त्याला लेकरासारखं पोटाशी धरत.

पडवीत टेबल मांडलं. मामा बाकावर, पानाचा डबा शेजारी. ते सांगायचे, मी टाइप करायचे. कुठे खडक, कुठे गाळ, वाळूचा पट्टा यंदा कुठे सरकला, दक्षिणेचं वारं असलं तर काय, उधाणाला काय, भांगाच्या मंद पाण्याला काय. रात्री नऊच्या सुमारास पंखा थांबला, पडदा आक्रसून एका ठिपक्यात गेला आणि विझला. मामी कंदील घेऊन आली.

लाइट परत आल्यावर मी मशीन चालू केलं, प्रोग्रॅम उघडला. समोर आज्ञेची वाट बघणारा रिकामा प्रॉम्प्ट. मामांनी चष्मा वर करून पाहिलं.

"ह्यां काय गो? सगळां इसारलां?"

व्हय. सगळां.

हे विसरणं समजून घ्यायचं तर त्या प्रोग्रॅमबद्दल थोडं सांगायला हवं. त्याचं नाव क्लिप्स. 'सी लँग्वेज इंटिग्रेटेड प्रॉडक्शन सिस्टिम' या लांबलचक नावाचं आखूड रूप. अमेरिकेतल्या नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये १९८५ च्या वसंतात त्याचा पहिला नमुना दोनेक महिन्यांत उभा राहिला. त्याआधी तिथल्या मंडळींनी लिस्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत बऱ्याच एक्स्पर्ट सिस्टिम्स करून पाहिल्या होत्या. पण लिस्प चालणारी यंत्रं महाग, साध्या कॉम्प्युटरवर ती नीट मिळायची नाही, आणि म्हणून केलेलं काम प्रयोगशाळेबाहेर पडायचं नाही. मग सी भाषेत लिहिलेलं, कुठेही चालणारं हे हत्यार त्यांनी घडवलं. पुढे ते सगळ्यांसाठी मोकळं झालं, म्हणून तर माझ्यासारख्या कुडाळच्या पोरीच्या हाताला फुकटात लागलं.

त्याचा कारभार दोन गोष्टींवर चालतो. एक फॅक्ट, म्हणजे आत्ता खरं असलेलं काहीतरी: 'वारा दक्षिण', 'तिथी अष्टमी', 'खडक अमुक जागी'. दुसरा नियम: असं असं असेल, तर असं करा. फॅक्ट घातले की नियम आपापली जुळणी बघतात आणि जुळले की पेटतात. पेटलेला नियम नवा फॅक्ट तयार करतो, त्याने आणखी कुठला तरी नियम जागा होतो. ही जुळणी झटपट करण्याची युक्ती चार्ल्स फोर्गी या माणसाने कार्नेगी मेलन विद्यापीठात १९७९ च्या आपल्या प्रबंधात मांडली. तिचं नाव 'रीटी'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ जाळं. हे मी मामांना सांगितलं तेव्हा सगळ्या प्रोजेक्टमधली तेवढी एकच गोष्ट त्यांना मनापासून पटली. "मगे रापण म्हण की," ते म्हणाले.

हे सगळं राहतं मशीनच्या चालू आठवणीत. वीज गेली की गेलं. ठेवायचं असेल तर फाइलीत ठेवावं लागतं. एवढं मला माहीत होतं, नव्हतं असं नाही. पण 'शेवटी एकदाच सेव्ह करू' म्हणणारी जी जमात असते, तिची मी त्या काळी मानकरी होते.

दुसऱ्या दिवशी मी मॅन्युअलच्या झेरॉक्स घेऊन बसले, आणि लक्षात आलं की 'ठेवणं' ही एक गोष्ट नाहीच. तिथे चार-पाच वेगवेगळी ठेवणी होती. सेव्ह म्हटलं तर फक्त नियम आणि व्याख्या फाइलीत जातात, फॅक्ट जात नाहीत. फॅक्टसाठी वेगळी आज्ञा, सेव्ह-फॅक्ट्स. तिसरी बीसेव्ह, म्हणजे सगळं यंत्राच्या भाषेत घट्ट बांधून ठेवायचं. ते परत उघडतं झटकन, पण त्यात नंतर नवा नियम घालता येत नाही, आधी सगळं रिकामं करावं लागतं. बरणीचं तोंड फडक्याने बांधून ठेवलेल्या मिठातल्या कैऱ्यांसारखं. मला त्याचा उपयोग नव्हता, माझ्या कैऱ्या अजून झाडावर होत्या.

चौथी होती ड्रिबल-ऑन. ही चालू केली की पडद्यावर जे जे दिसेल, तुम्ही टाइप केलेलं, मशीनने उत्तर दिलेलं, चुकलेलं, खोडलेलं, ते सगळं एका फाइलीत गळत राहतं. ड्रिबल म्हणजे लाळ गळणं. नाव ज्याने ठेवलं त्याच्या घरात तान्हं मूल असावं. आणि पाचवी, बॅच. फाइलीत लिहिलेल्या आज्ञा मशीनला ओळीने पाजायच्या, जणू कुणी कीबोर्डवर बसून त्या टाइप करतंय.

सेव्ह-फॅक्ट्स आणि बॅच यांत फरक काय, हे मला कळायला अख्खी दिवाळीची सुट्टी लागली. खरं तर त्याहून जास्त, पण ते पुढे.

सेव्ह-फॅक्ट्स म्हणजे शेवटी उरलेलं. मामांनी काय सांगितलं, त्यातलं काय नंतर मागे घेतलं, कुठल्या गोष्टीवरून कुठली गोष्ट निघाली, यातलं काही नाही. फक्त आत्ता खरं काय, त्याची यादी. ती मी पहिल्यांदा लोड केली तेव्हा खूश झाले होते. एका सेकंदात खाडी परत हजर! पण रन, म्हणजे 'नियम चालव', म्हटल्याबरोबर मशीनने तोंड उघडलं आणि काल विचारलेले प्रश्न पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. वारा कुठला? तिथी कुठली? मामा भडकले. "कालच सांगितलंय मां?"

कारण असं, की क्लिप्समध्ये एकच नियम त्याच त्या फॅक्टवर दुसऱ्यांदा पेटत नाही. एकदा विचारलं, झालं. पण फाइलीतून आलेले फॅक्ट मशीनच्या लेखी नवे असतात. ते कालचेच आहेत, त्यांच्यावर आपण एकदा बोललोय, ही आठवण फाइलीत नसते. उत्तर आधीच मिळालंय का हे तपासणारी अट नियमात घालायची असते, ती मी घातली नव्हती.

त्याहून वाईट एक गोष्ट होती, आणि ती दिसत नव्हती. मामांनी सांगितलेला फॅक्ट आणि नियमाने काढलेला निष्कर्ष, दोन्ही त्या यादीत शेजारी शेजारी, एकाच तोंडवळ्याचे. 'वारा दक्षिण' हे मामांचं. 'वाट बंद' हा त्यावरून निघालेला निष्कर्ष. चालू असताना मशीनला नियम नीट लिहून हे सांगता येतं की अमुक निष्कर्ष अमुक फॅक्टच्या आधारावर उभा आहे, आधार काढला की तोही जाऊ दे. पण फाइलीत उतरताना तो आधार उतरत नाही. परत लोड केलं की 'वाट बंद' हे स्वतःच्या पायावर उभं. वारा फिरला तरी वाट बंदच. मामांनी ते पाहिलं आणि विचारलं, "ह्यां कोणी सांगितल्यान?" कोणीच नाही. मशीनने स्वतःच काढलं होतं आणि विसरलं होतं. गावात अशी किती वाक्यं फिरत असतात, कोणी म्हटलं, कशावरून म्हटलं हे गळून पडलेली, ते आठवून मला तेव्हा मजा वाटली होती. आता तेवढी वाटत नाही.

मग मी ठरवलं, यादी नको. सांगणंच ठेवायचं. ड्रिबल चालू करून मामांना परत बसवलं (दोन दिवस पाया पडावं लागलं), आणि संपूर्ण संध्याकाळ जशीच्या तशी फाइलीत उतरवली.

त्या फाइलीत काय काय होतं! माझे टायपिंगचे घोटाळे. कंस विसरल्यावर मशीनने केलेली तक्रार. एका ठिकाणी नियम 'हो' की 'नाही' विचारतो, आणि मामा बोलले तसं मी घाईत रोमन अक्षरांत 'व्हय' असं टाइप केलंय. मशीनने 'हो'शी ताडून पाहिलं, जुळलं नाही, ते गप्प बसलं. दोघंही मिनिटभर पडद्याकडे बघत बसलो होतो. शेवटी प्रत्येक अशा नियमात मी 'हो किंवा व्हय' असं लिहिलं. माझ्या प्रोजेक्टच्या अहवालात 'स्थानिक भाषेचा आधार' म्हणून जो मुद्दा आहे तो एवढाच.

भरतीची वेळ काढण्याचा नियम तेवढा मामांनी एका दमात सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, ती पुऱ्या भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पंधरवडा शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच, आणि दिवसाची तशी रात्रीची. ढोबळ आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. भरती रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते आणि हा हिशेब पंचेचाळीस धरतो, त्यामुळे पुनवेपर्यंत तो चांगलाच मागे पडतो. शिवाय तोंडापासून खाडीत जितकं आत जावं तितकं पाणी उशिरा पोचतं. "आता इतक्या तुज्या मशीनाक पुरे," ते म्हणाले. मी तो नियम एका ओळीत लिहिला, सव्वाआठाला ८.२५ धरून. मशीनला तो दिला तेव्हा वाटलं, पिढ्यांनी जपलेली गोष्ट, आणि लिहायला एक ओळ! फॅक्टचं तसं नव्हतं. वाळूचा पट्टा कुठे आहे हे दर पावसाळ्यानंतर बदलायचं. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर पालथी, झावळ्यांनी शाकारलेली. नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवला, की मामा बांबू घेऊन निघायचे आणि खाडीच्या तोंडाशी पाणी चाचपत फिरायचे. गेल्या साली जे सांगितलं त्यातलं अर्धं तिथे मोडीत निघायचं. नियम तेच, खाडी नवी.

आता ड्रिबलची फाइल जशीच्या तशी परत पाजता येत नाही. तिच्यात प्रॉम्प्टही असतो, मशीनची उत्तरंही असतात. ती साफ करून फक्त आपण दिलेल्या आज्ञा उरवायच्या, मग ती बॅच फाइल होते. मी साफसफाईला बसले. उत्तरं उडवली, चुका उडवल्या. मग वाटलं, मधे मधे मी जे उगाच 'रन' म्हणून बघत होते, ते कशाला? तेही उडवले. फाइल कशी देवळाच्या सारवलेल्या अंगणासारखी झाली. तिला नाव दिलं 'तात्या'.

संध्याकाळी मामा आले. मी ऐटीत बॅच म्हटलं. पडद्यावरून ओळी सरसर वर गेल्या, मामांची कालची संध्याकाळ दहा सेकंदांत. मग त्यांनी परीक्षा घेतली. ओहोटी, भांगाचं पाणी, वारं पश्चिमेचं, कोरजाईकडून देवबागेत जायचंय. मशीन म्हणालं, डावीकडून सरळ जा.

मामा पुढे वाकले.

"म्हातारी खंय गेली?"

म्हातारी म्हणजे पाण्याखालचा एक खडप. ओहोटीला त्याचं टोक हातभर पाण्याखाली असतं आणि त्यावर शेवाळाचे पांढुरके झुबके हलतात. आजोळी त्याला सगळे म्हातारीच म्हणायचे. मी फॅक्टची यादी काढली. म्हातारी नव्हती. आणि गेल्या वर्षीचा वाळूचा पट्टा, जो 'ह्या पावसात मोडलो' म्हणून मामांनी काल काढायला लावला होता, तो ठणठणीत बसलेला.

"ह्यां तुजां यंत्र माका बुडयतलां," मामा म्हणाले, आणि इतके हसले की मामी आतून बघायला आली.

उलगडा व्हायला मला रात्रभर लागलं. क्लिप्स प्रत्येक फॅक्टला आल्या क्रमाने नंबर देतं, आणि एखादा काढायचा असेल तर नंबर सांगून काढता येतो. काल मी सतरा नंबर काढ असं म्हटलं होतं, आणि काल सतरा नंबरवर जुना पट्टा होता. पण कालच्या सत्रात मधे मधे रन म्हटल्याने नियमांनी पाच निष्कर्ष काढले होते, आणि त्यांनीही नंबर घेतले होते. आज मी ते रन झाडून टाकले. निष्कर्ष निघाले नाहीत, नंबर पाचाने मागे सरकले. काल बावीसवर असलेली म्हातारी आज सतरावर येऊन बसली. आज्ञा तीच, शब्दाशब्दाने तीच. 'सतरा काढ.' मशीनने इमानदारीत काढली.

पुढे नोकरीत मी या गोष्टीला किती वेगवेगळ्या अवतारांत भेटले त्याला गणती नाही. डेटाबेसच्या जुन्या नोंदी परत चालवताना, सर्व्हरची आज्ञांची फाइल दुसऱ्या मशीनवर चालवताना. दर वेळी कुणीतरी 'उगाच' वाटणारी एक ओळ उडवलेली असायची. आणि दर वेळी माझ्या तोंडून मालवणीत एकच वाक्य निघायचं. पुण्याच्या ऑफिसात दोघा-तिघांना ते पाठ झालंय, अर्थ न कळता.

उपाय साधा होता. नंबराने बोलवायचं नाही, नावाने बोलवायचं. मी एक नियम लिहिला: 'काढ' आणि नाव असा फॅक्ट आला, की त्या नावाचा फॅक्ट शोधून काढून टाक. मग बॅचमध्ये 'काढ जुना-पट्टा' असं लिहिता आलं. मधे कितीही निष्कर्ष निघोत, म्हातारीला धक्का नाही. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग आधी काय नंबरान हाक मारी होतंस? खडपाला कोणी नंबर देतं का, हा त्यांचा खरा प्रश्न होता.

त्याच दिवसांत गावच्या देवळात मी गाऱ्हाणं ऐकलं. लहानपणापासून ऐकत आले होते, पण तेव्हा कानच वेगळे झाले होते. गावकर उभे राहून सुरू करतात, "बा देवा म्हाराजा..." आणि प्रत्येक मागणीला सगळे मिळून "व्हय म्हाराजा". स्थळाच्या देवांची नावं ठरल्या क्रमाने, मग वाडीचं, मग घराचं, मग ज्याचं काम आहे त्याचं. शेवटी, काय चुकलां-माकलां असात तर पोटात घाल. मला वाटलं, ही बॅच फाइलच की! दर वर्षी तीच, त्याच क्रमाने, पहिल्यापासून. आणि हिच्यात कुठेही नंबर नाही. प्रत्येक देव नावाने, प्रत्येक माणूस नावाने, ज्याची होडी अडलीय तो नावाने. वर चुका पोटात घालण्याची सोयसुद्धा अंगभूत. आमच्या क्लिप्सला ती नव्हती. बॅचमध्ये एखाद्या नियमाचा कंस चुकला, की मशीन त्या नियमाच्या उरलेल्या तुकड्यांना आज्ञा समजून एकेकावर अडखळत जायचं आणि एका चुकीच्या दहा चुका व्हायच्या. म्हणून नियम वेगळ्या फाइलीत ठेवावेत आणि बॅचमध्ये फक्त 'लोड कर' एवढंच म्हणावं, असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. ते पान झेरॉक्समध्ये पुसट आलं होतं, हा माझा बचाव.

दशावताराचं उलट. जत्रेत रात्री उशिरा आडदशावताराने सुरुवात होते, गणपती येतो, संकासूर येतो, मग आख्यान लागतं आणि पहाटे दहीकाल्यापर्यंत चालतं. संवाद लिहिलेले नसतात. राजा कसा, राक्षस कसा, कोण कुणाचा कोण, एवढं ठरलेलं. बाकी रंगात येईल तसं. म्हणजे नियम पक्के, सुरुवातीचे फॅक्ट पक्के, रीसेट करा आणि रन म्हणा. आज या गावात, उद्या पलीकडच्या, तेच आख्यान आणि शब्द वेगळे. काल रात्रीचा रावण काय बोलला ते आज कुणी परत बोलत नाही. तरी आख्यान हरवत नाही. मामा दशावताराचे वेडे होते, गाऱ्हाण्यात मात्र डुलक्या काढायचे. खाडी सांगायलाही त्यांना दशावतारासारखीच आवडायची, हे मला उशिरा कळलं. मी दरवेळी गाऱ्हाणं मागत होते.

प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत काय झालं ते थोडक्यात: मी लोड केलं, रन म्हटलं, आणि काहीच झालं नाही. सुरुवातीचे फॅक्ट रीसेट म्हटल्याशिवाय मैदानात उतरत नाहीत, ही पहिल्या धड्यातली गोष्ट. बाहेरून आलेले परीक्षक घड्याळ बघत होते. मार्क मिळाले बरे.

खरं नुकसान त्याच्याही आधी झालं होतं, आणि तेही माझ्याच हाताने. नियमांच्या फाइलीत मी प्रत्येक नियमाच्या डोक्यावर अर्धविराम देऊन मामांचं मूळ वाक्य लिहून ठेवायचे. मशीन अर्धविरामापुढचं वाचत नाही, ते माणसांसाठी. खाली कोरडा नियम, वर मामांचा आवाज. अशी पन्नास-साठ वाक्यं होती. जानेवारीत एका रात्री मी क्लिप्समध्येच दोन नियम सुधारले आणि तिथूनच सेव्ह म्हटलं, त्याच नावाने. मशीनने नियम व्यवस्थित लिहिले, कंसाखाली कंस, रकाने जुळवून, माझ्यापेक्षा सुबक. अर्धविरामांची एक ओळ शिल्लक नाही. का असणार? लोड करतानाच ती त्याने वाचली नव्हती. जे वाचलंच नाही ते परत कसं लिहिणार?

कॉलेजच्या डॉट मॅट्रिक्सवर काढलेली एक जुनी प्रिंट सापडली, तिच्यावर शेवटची अकरा वाक्यं होती. त्यातलं एक: 'दिवाळीतली म्हातारी वेगळी, होळीतली वेगळी.' नियमात याचं काय झालं होतं बघायला गेले, तर 'महिना' नावाचा एक रकाना आणि पाण्याच्या उंचीत थोडी वजाबाकी.

मे महिन्यात मी प्रोजेक्टसाठी शेवटची आजोळी गेले, कॉम्प्युटरसकट. नवीन प्रश्न घातले होते, सगळं पहिल्यापासून परत विचारायचं होतं. यावेळी पद्धत बदलली होती. रन म्हटल्यावर सगळे प्रश्न नियमच विचारणार आणि मामांची उत्तरं मी भरणार. बॅचची एक गंमत अशी की ती आज्ञांपुरती नाही. नियम मधे थांबून काही विचारत असेल, तर त्याचं उत्तरही फाइलीतल्या पुढच्या ओळीतून उचललं जातं. म्हणजे फाइलीत पहिल्या तीन-चार आज्ञा, आणि त्याखाली नुसती उत्तरांची ओळ. व्हय. नाय. दक्षिण. व्हय. अष्टमी. प्रश्न त्यात नाहीत. फाइल नुसती वाचली तर टेलिफोनवर बोलणाऱ्या माणसाची एकच बाजू ऐकल्यासारखं वाटतं. (एकदा मधेच नवा प्रश्न घातला तेव्हा सगळी उत्तरं एकेक घर सरकली होती. 'पाणी भरतंय का?' 'दक्षिण.' पण ते असो.)

सातच्या सुमारास बसलो. चौतीस उत्तरं झाली आणि लाइट गेली. ड्रिबल चालू होतं, शिवाय वहीत मी हाताने लिहीत होते, त्यामुळे यावेळी पुसलं काही गेलं नाही. मी म्हटलं, तात्यामामा, थोडेच प्रश्न उरलेत, लाइट येईपर्यंत थांबूया. त्यांनी सुपारी कातरायला घेतली. अर्ध्या तासाने उठले.

"रवांदे. मगे बघया."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुडाळला परतले. प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ आली होती. पुढच्या पावसाळ्यात मामा गेले. घरीच, झोपेत. खाडीने काही केलं नाही त्यांना.

यंदा गणपतीत आजोळच्या घरी गेले तेव्हा लॅपटॉप होता. ती फाइल इतकी वर्षं सीडीवरून पेनड्राइव्हवर, तिथून आणखी कुठे असं करत माझ्याबरोबर फिरली आहे, मी ती कधी उघडली नव्हती. क्लिप्स अजून जिवंत आहे, नवी आवृत्ती दोन मिनिटांत उतरवली. पडवी तीच, टेबल नवं. आई दाराशी बसून अळूची पानं निवडत होती. मी बॅच म्हटलं.

प्रश्न एकेक करून यायला लागले आणि खाली उत्तरं आपोआप पडू लागली. व्हय. नाय. पश्चिम. नाय. इतक्या भराभर की वाचता येईना. मग एका ठिकाणी थांबलं. मला वाटलं अडकलं. अडकलं नव्हतं. फाइल संपली होती. बॅच संपली की मशीन परत कीबोर्डकडे वळतं आणि माणसाची वाट बघतं. पडद्यावर पस्तिसावा प्रश्न होता, मीच रोमन अक्षरांत कधीकाळी लिहिलेला: आज पुरी भरती किती वाजता? शेजारी कर्सर लुकलुकत होता.

आईने मान वर केली. "तां काय विचारता?"

मी वाचून दाखवलं. तिने हातातलं पान खाली ठेवलं, भिंतीवरच्या कालनिर्णयकडे पाहिलं. बोटांवर काही मोजलं नाही, ओठ हलवले नाहीत.

"सप्तमी," ती म्हणाली. "सव्वापाच."

मी ५.२५ टाइप केलं आणि एंटर दाबलं.